हळदीकुंकवाची यादी

यादी करायचं काम दरवर्षी सासूबाईंचं. सरलेल्या वर्षाच्या डायरीतलं कोरं पान, मधोमध रेघ, डावीकडे नाव आणि उजवीकडे वाण दिल्याची खूण. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी रात्रीची जेवणं उरकली की त्या टेबलाशी बसतात, एकेक नाव मोठ्यानं म्हणत लिहितात, आणि मी न्यू मार्केटमधून आणलेलं वाण मोजते. यंदा चहाच्या गाळण्या होत्या. स्टीलच्या, २१. यादीत नावं २०.

"एक जास्तीची आहे," मी म्हटलं.

"असू दे. ऐनवेळी कुणाकडे पाहुणी असते."

"की समोरच्या काकूंसाठी ठेवायची?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. आमच्या घरात वादाची घंटा अशी वाजते.

आमचं क्वार्टर शिवाजी नगरात, सहा नंबर स्टॉपपासून चालत दहा मिनिटांवर. भोपाळच्या या भागात बसच्या थांब्यांना नंबर आणि सरकारी घरांना टाइप. दारावरची पाटी वाचली की आतल्या माणसाचा हुद्दा कळतो, बाकी चौकशी करावी लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरच्या सचिवालयातली बरीच माणसं फायलींच्या मागोमाग इकडे आली. सासूबाईंचे वडील त्यांतले. सासूबाईंचा जन्म इथलाच, पण मराठी अजून नागपूरची. 'काय करून राहिलीस' ऐकून लग्नानंतर महिनाभर मी हसू दाबत होते. मी जयसिंगपूरची. माझं बोलणं ऐकून त्या काय दाबत होत्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आल्याच्या पहिल्या आठवड्यात मी अंगणातून नवऱ्याला ओरडून सांगितलं, 'अरे, दूध संपलंय, घेऊन ये.' शेजारच्या हिंदीभाषक बाई हातातला झाडू तसाच धरून उभ्या राहिल्या. नवऱ्याला 'तू'? त्यांच्याकडे 'तू' देवाला, तान्ह्या बाळाला आणि भांडणात. पुढे माझा मुलगा मला 'आई, तू इकडे ये' म्हणायला लागला, तेव्हा तर त्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं. तो बिचारा आठवडाभर मला 'आप' म्हणत होता आणि मला ताप आल्यासारखं वाटत होतं. मी सासऱ्यांशी राजकारणावर तावातावानं भांडते, ते त्या बाईंना खपतं. 'अरे' खपत नाही. कुणाचं काय खपावं, याला तर्क लावायला गेलं की हाती काही लागत नाही, हे मी तेव्हा शिकले. त्या रात्री टेबलाशी मात्र विसरले.

"काकूंना तिळगूळ द्यायला मी स्वतः जाते," सासूबाई म्हणाल्या. "बसते, चहा घेते. तिला टाकलंय असं बोलू नकोस."

"पण कुंकवाला बोलावत नाही."

"कुंकवाला कसं बोलावणार?"

"का नाही?"

"असं करत नाहीत."

"कोण करत नाही?"

"करायचं नसतं, एवढंच."

आपल्या भाषेची ही एक गंमत आहे. मनाई करायची वेळ आली की कर्ता गायब होतो. 'संध्याकाळी केर काढत नाहीत.' 'असं बोलायचं नसतं.' 'मुलींनी मोठ्यानं हसू नये.' कोण काढत नाही, कुणासाठी नसतं, हसू नये असं कुणी ठरवलं, काहीच पत्ता नाही. हुकूम आहे आणि खाली सही नाही. सही असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. सासूबाईंना मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "व्याकरण शिकवून राहिलीस का मला?" आणि हसल्या. मग मला जोर चढला.

काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्याआधी आमच्या हळदीकुंकवाला अत्तर लावायचं काम त्यांचं असायचं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या, तिळाच्या वड्या अशा एकसारख्या कापतात की पट्टी लावून बघावी. मागच्या संक्रांतीला त्यांनी वड्यांचा डबा नातवाच्या हाती पाठवला. मी दार उघडायला गेले तेव्हा त्यांचा पडदा ओढलेला होता आणि टीव्ही नेहमीपेक्षा मोठ्यानं लावलेला. बायका आमच्याकडे येत होत्या, जात होत्या, काकूंच्या हातच्या वड्या खात होत्या, 'खुसखुशीत झाल्यात हं' म्हणत होत्या.

"तिच्या हातचा गूळ चालतो," मी म्हटलं, "कपाळ चालत नाही."

सासूबाईंना हे लागलं. त्या उठल्या, ओट्यावरचं स्वच्छ पातेलं पुन्हा पुसलं आणि परत येऊन बसल्या.

मग मी हेरवाड काढलं. कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव माझ्या माहेरापासून लांब नाही. ४ मे २०२२ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. सरपंच होते सुरगोंडा पाटील. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीला तेव्हा दोनच दिवस उरले होते. करोनात घराघरांतले तरणे पुरुष गेल्यानंतरचे ते दिवस. मग माणगावनं तसाच ठराव केला. १९२० साली शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर ज्या परिषदेत एका मांडवात होते, ते माणगाव. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक धाडलं की हेरवाडचा कित्ता गिरवा.

"आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या विधवांनी हिरवा चुडा भरला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. ठरावानं बांगडी भरता येत नाही, आई. पण फोडणाऱ्या हाताला थांबायला कारण मिळतं."

हे मला जरा नीट सांगायचं होतं. बांगड्या फोडायला दहाव्या दिवशी पुढे होणारी म्हातारी काही राक्षसीण नसते. तिचाही हात कापतो. पण आपण नाही फोडल्या तर भावकी काय म्हणेल, हे तिच्या मनात. भावकीतल्या प्रत्येकीच्या मनात उरलेली भावकी. अशा वीस बायका एकमेकींच्या धाकानं जे करतात, ते एकटीला विचारलं तर एकीलाही नको असतं. ठरावानं तिला म्हणता येतं, 'माझं काही नाही बाई, गावानं ठरवलंय.' सगळ्यांची अब्रू राहते आणि बांगड्याही राहतात.

आणि हात थांबले की रूढी अडते, याला मुंबईचा दाखला आहे. १८९० साली तिथल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा, पण त्यानंतर सदतीस वर्षांनी, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तर मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा होता, पण मुरुडच्या पंगतीत त्याला पान नव्हतं. वस्तऱ्याचं उलट. ज्याच्या हातात तो होता त्यानंच खाली ठेवला, तर शास्त्रीबुवा काय स्वतः डोई करणार होते?

"झालं तुझं?" सासूबाई म्हणाल्या. "आता मी बोलू?"

"बोला."

"कोल्हापूरनं भोपाळला बायकांचं शिकवू नये. इथं १८१९ ते १९२६ बेगमांनी राज्य केलं. मधली थोडी वर्षं सोडली तर एकीनंतर एक, चौघी. आणि चौघीही विधवा."

हे खरं आहे. नवरा गोळी लागून मेला तेव्हा कुदसिया बेगम अठरा वर्षांची होती. तिनं पडदा बाजूला करून दरबारात मुलीचा हक्क सांगितला. ती मुलगी सिकंदर बेगम, तिनंही पडदा मानला नाही. शाहजहान बेगमनं वैधव्यानंतर १८७१मध्ये दुसरं लग्न केलं, गादीवर असताना. मला वाटलं, सासूबाई माझ्याच बाजूनं बोलतायत. पण त्यांचा मुद्दा पुढे होता.

"आता सुलतानजहान बघ. सिकंदरची नात. ती बुरख्यात. १९११ला विलायतेत राजाच्या राज्यारोहणाला गेली तीही बुरख्यात. आणि हिनंच मुलींच्या शाळा काढल्या, अलीगढ विद्यापीठाची पहिली कुलपती झाली. आजीनं टाकलेलं नातीनं उचललं. सांग, दोघींत पुढारलेली कोणती?"

मला उत्तर सुचलं नाही.

"म्हणून म्हणते, कपाळ बघून बाई मोजू नकोस. कुंकू नाही म्हणजे बिचारी, कुंकू लावलं की सुटली, हा कुठला हिशेब? आणि ठरावाचं सांगून राहिलीस, तर करोंदला जाऊन ये. गॅसकांडात ज्यांचे नवरे गेले त्यांच्यासाठी सरकारनं वसाहत बांधली. कागदावर नाव जीवन ज्योती. रिक्षावाल्याला ते सांग आणि बघ कळतं का. विधवा कॉलनी म्हटलं की बरोबर दारात नेऊन सोडतो. गॅसकांडाला चाळीस वर्षं झाली. कागदावरचं नाव बदलतं, तोंडातलं बदलत नाही."

हा घाव बरोबर बसला. पत्ता सांगताना जिला रोज 'विधवा' म्हणावं लागतं तिच्यापुढे हेरवाडचा कागद धरून काय होणार? तरी मी हटले नाही. मी त्यांना त्यांच्याच घरातली गोष्ट आठवून दिली. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण दरवर्षी हळदीकुंकवाला येते. मुसलमान आहे. पहिल्या वर्षी ती आली तेव्हा सासूबाईंचं हळदीचं बोट क्षणभर हवेत थांबलं. मैत्रिणीनं हसून हात पुढे केला, पालथा. सासूबाईंनी मनगटावर अत्तराचा फाया टेकवला, गजरा दिला, वाण दिलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या. कुणी काही म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षीपासून तीच पद्धत झाली.

"परक्या बाईसाठी तुम्ही एका क्षणात रीत वाकवलीत," मी म्हटलं. "आपल्या बाईसाठी का मोडते?"

"परकीचं चुकलं तर ती परकी म्हणून सुटते. आपलीचं चुकलं की लोक आपलीला धरतात. मला नाही धरणार. तिला धरतील."

मी जून २०२४ काढला. आमदार-मंत्र्यांच्या बंगल्यांसाठी शिवाजी नगर आणि तुळशी नगरातली २९ हजार झाडं जाणार अशी बातमी आली तेव्हा इथल्या बायका झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या होत्या. सरकारला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. त्या गर्दीत काकू होत्या, सासूबाईही होत्या, एकाच झाडाला दोन बाजूंनी. "तिथं सवाष्णी एकीकडे आणि विधवा एकीकडे अशी रांग नव्हती," मी म्हटलं.

"झाडाला वाण द्यायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. पण आवाज उतरला होता.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मी गाळण्या पुन्हा मोजल्या, उगाच. सासूबाईंनी करंडा ओढून घेतला, कडेला सांडलेलं कुंकू बोटानं आत लोटलं, आणि बोट पुसता पुसता सांगायला लागल्या.

"माझ्या लग्नात आई बोहल्यापाशी नव्हती. बाबा गेल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती स्वयंपाकघराच्या दारामागं उभी होती. तिथूनच तिनं अक्षता टाकल्या. माझ्यापर्यंत आल्या नाहीत, मधल्या सतरंजीवर पडल्या. मला दिसलं."

"कुणी सांगितलं होतं तिला मागं राहायला?"

"कुणीच नाही. तेच तर."

"तुम्ही हाक मारली असतीत तर?"

"मारावीशी वाटली. मारली असती तर अख्ख्या मांडवानं मान वळवून तिच्याकडे बघितलं असतं. भटजींसकट. मला ते नको होतं. तिला तर नकोच होतं." त्यांनी करंड्याला झाकण लावलं. "तू इतकं बोललीस. हेरवाड झालं, मुंबई झाली. काकूंना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. खरं सांगायचं तर मनातही आलं नव्हतं. काकूंसाठी मी दीड तास भांडत होते आणि त्या समोरच्या दारात होत्या. सुधारणा करायला निघालेल्या माणसाची ही जुनी खोड आहे. ज्याचं भलं करायचं, त्याला विचारायचं तेवढं राहून जातं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर गेले. काकू तीळ भाजत होत्या. मी आडून आडून सुरुवात केली तशी त्यांनी गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "सरळ बोल. बोलवायला आलीस ना?"

"हो. पण तुम्हाला चालणार असेल तर."

"मागच्या वर्षी गेले होते एकीकडे. तुमच्या आधी दोन दिवस. नाव सांगत नाही. चांगली माणसं आहेत, शिकलेली. मला सगळ्यांत आधी पुढं बसवलं. 'आजचा मान काकूंचा' म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुंकू लावताना फोटो काढला. घरी येईपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर पोचला होता. खाली हात जोडलेली चित्रं. माझ्या मुलाला त्याच्या साहेबांच्या बायकोनं फोन केला, तुमच्या आई किती धीट आहेत म्हणून." त्यांनी तीळ हलवले. "कुंकू लावून घ्यायला धीट कशाला व्हायला पाहिजे गं? चाळीस वर्षं लावत होते."

त्या दिवशी आमच्याकडच्या बायका येत-जात असताना टीव्ही मोठ्यानं का लागला होता, ते मला आता कळलं. मी त्याचा अर्थ भलताच लावून बसले होते.

"मग नको?" मी विचारलं.

"नको कुठं म्हटलं? येईन. पण पहिली बसवू नका आणि शेवटचीही नको. फोटो नको. आणि कुंकू की नुसतं अत्तर, ते तेव्हाचं तेव्हा बघीन. बोट पुढं आलं की कपाळ पुढं करायचं की हात, हे मला कळतं. तुझ्या सासूला सांग, तिनं मात्र बोट मागं घ्यायचं नाही."

घरी येऊन मी हे शब्द जसेच्या तसे सांगितले. सासूबाई ऐकून घेतात आणि मग भलतंच काहीतरी विचारतात, तसं त्यांनी विचारलं, "तीळ कुठून आणले तिनं?" मी सांगितलं. त्या आत गेल्या.

मला अजूनही वाटतं की रविवारच्या वादात माझी बाजू बरोबर होती. न बोलावणं चूकच होतं. पण माझ्या मनासारखं झालं असतं तर काकूंना मी पहिल्या पाटावर बसवलं असतं, हेही तितकंच खरं. टाळ्यासुद्धा मीच वाजवल्या असत्या. सासूबाईंना मांडवातली वळलेली मान ठाऊक होती, मला नव्हती. त्यांचं चुकलं ते एवढंच की मान वळेल म्हणून त्यांनी हाकच सोडून दिली, तेव्हाही आणि मागच्या वर्षीही. त्यांना हे मी बोलले नाही. सुनांनी सगळंच बोलायचं नसतं. बघा, आला की नाही कर्ता गायब झालेला.

मंगळवारी सकाळी डायरी टेबलावर उघडी होती. रविवारचं पान काढून टाकलेलं, नवं पान, नवी रेघ. इतकी वर्षं यादी मानानं लागायची: आधी वयानं मोठ्या, मग साहेबांच्या बायका, मग आम्ही सुना. या वेळी प्रत्येक नावाच्या आधी क्वार्टरचा नंबर होता आणि नावं त्या नंबरानं लावलेली. आमंत्रण द्यायच्या मजकुरातही त्यांनी एक ओळ घातली होती, की गर्दी होते म्हणून यंदा नंबरवारीनं यावं. सरकारी वसाहतीत नंबराला कुणी नाव ठेवत नाही.

नावं २१, गाळण्या २१. काकू नवव्या आहेत.